चौथा प्रसंग

"निवडून आलीस की पहिलं भाषण मराठीतच करायचं," हेरंब तेंडोलकर म्हणाला. "मी लिहायला घेतलंय."

"अजून मतदान व्हायचंय," संघमित्रा असलदेकर म्हणाली.

"तेवढा धीर धरेल तर तो हेरंब कसला!" चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत हेरंबची बायको शर्वाणी म्हणाली. "आमच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत ह्याने खिशातून आभाराचं भाषण काढलं होतं."

वेंगुर्ल्यातल्या तेंडोलकरांच्या पडवीत गेले कित्येक महिने हे असंच चाललं होतं. हेरंब कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. संघमित्रा, म्हणजे सगळ्यांची मित्रा, ही त्याची कॉलेजपासूनची मैत्रीण; मासेमारीचे आणि समुद्राच्या हद्दीचे खटले लढणारी नावाजलेली वकील. किनारा आघाडीने या वेळी तिला सागरसंसदेसाठी उभं केलं होतं. गेल्या वेळी हेरंब स्वतः उभा होता आणि थोडक्यात पडला होता. या वेळी त्याने मित्रासाठी जागा सोडली, आणि सोडली हे तो कुणाला विसरू देत नव्हता.

सागरसंसद म्हणजे अरबी समुद्राभोवतीच्या सगळ्या देशांची मिळून एक संसद. वादळाची सूचना कुणी कुणाला द्यायची, कुठल्या महिन्यात कुणाच्या बोटींनी कुठे जाळी टाकायची, समुद्राचं पाणी गोडं केल्यावर उरलेलं मीठ कुणाच्या दारात ओतायचं, असले तंटे तिथे सुटत. तिथे माणसं पाठवायची ती देशाने नव्हे, किनाऱ्याने. डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या कोकणपट्टीच्या वाट्याला चार जागा आल्या होत्या.

सुरुवातीला या जागा याद्यांवर भरल्या जात. पक्षाने यादी लावायची, लोकांनी पक्षाला मत द्यायचं, आणि वरून जितकी नावं बसतील तितकी जायची. वर कुणाची नावं असत हे कोकणात कुणाला सांगायला नको. तळाशी एखादी बाई, एखादा गाबीत मच्छीमार, एखादा बौद्ध, पानाला मीठ लावावं तसा लावलेला असे. लोक कंटाळले, मतदानाला जाईनासे झाले, आणि मग खुर्ची आली.

खुर्चीचा शोध निवडणुकीसाठी लागला नव्हता, तुटलेल्या हातांसाठी लागला होता. अपघातात हात गमावलेल्यांना कृत्रिम हात बसवणाऱ्या एका प्रयोगशाळेत डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. काही माणसं तो हात वर्षानुवर्षं पक्कडीसारखा वापरतात, काम झालं की काढून ठेवतात. काहींच्या बाबतीत मात्र एक दिवस असा येतो की ती त्याला 'माझा हात' म्हणू लागतात. त्यानंतर त्या हातावर कुणी सुई उगारली तर माणूस दचकतो. हात प्लास्टिकचा आहे, दुखणार नाही, हे पक्कं ठाऊक असून दचकतो. कपाळावरच्या पट्टीतून बारीक प्रकाश आत सोडून मेंदूतल्या रक्ताचा प्रवाह मोजला की त्या दचकण्याची एक ठरावीक खूण दिसते. तिला त्यांनी स्वीकारखूण असं नाव दिलं.

पुढे एकदा एक रुग्ण पट्टी बांधलेल्या अवस्थेतच टीव्हीवर आपल्या कामगार पुढाऱ्याचं भाषण ऐकत होता. सभेत कुणीतरी पुढाऱ्याचा अपमान केला, आणि यंत्रावर हुबेहूब तीच खूण उमटली. तो पुढारी म्हणजे त्या माणसाचा आणखी एक हातच झालेला होता. 'प्रतिनिधी या शब्दाचा अर्थ आमच्या शास्त्राला ग्रंथांत सापडला नाही, तो या पट्टीत सापडला,' असं हेरंबने तेव्हा एका लेखात लिहिलं होतं. लेख गाजला, आणि खुर्ची कोकणात आणा म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांत तो सर्वांत पुढे होता.

खुर्चीला बटण नाही. मतदार बसतो, कपाळाला पट्टी लावतो, आणि समोर प्रत्येक उमेदवाराचे चार प्रसंग बघतो. खोटेच, पण खऱ्यासारखे. पहिल्यात उमेदवार वादळाच्या तोंडी बोटींबद्दल निर्णय घेतो. दुसऱ्यात त्याला लाच देऊ करतात. तिसऱ्यात तुमच्या घरचं माणूस परक्या बंदरात आजारी पडलंय आणि उमेदवार धावाधाव करतो. चौथ्यात तो सागरसंसदेत उभा राहून तुमच्या वतीने बोलतो, आणि दुसऱ्या देशाचा एक सदस्य भर सभेत त्याचा अपमान करतो. पहिल्या तिन्हींवरून ज्ञान, सचोटी आणि माया कळते. पण सगळ्यांत जास्त वजन चौथ्याला. तिथे तुम्ही दचकलात तर तो तुमचा माणूस.

नंतर आपल्या बैठकीचं चित्रण आपल्या फोनवर येतं, कडेला एक पट्टी असलेलं. मनाने मानलं तिथे हिरवी, नाही मानलं तिथे राखाडी. ते दुसऱ्या कुणालाही बघता येत नाही. निवडणूक आयोगाकडे जाते ती फक्त प्रत्येक केंद्राची बेरीज.

हेरंब खुर्चीतून उठून घरी आला तो शीळ घालतच. स्वतःचं चित्रण उघडून बघण्याची त्याला गरजच वाटली नाही. आपण कुणाला मत दिलं हे आपल्याला ठाऊक नसेल, असं कधी होतं का?

निकाल लागला. मित्रा पाचवी आली.

पहिल्या तीन प्रसंगांत ती अख्ख्या किनाऱ्यावर पहिली होती. चौथ्यात ती घसरली, आणि घसरली म्हणजे पार तळाला गेली. चौथी जागा दक्षिणेकडच्या एका रिसॉर्टवाल्याने घेतली. खारफुटी तोडल्याच्या खटल्यात मित्रानेच त्याला दोनदा हरवलं होतं.

संध्याकाळी पडवी भरली. सगळे संतापलेले. आघाडीचे खजिनदार दाजी आरोलकर तर उभेच राहिले.

"ह्या यंत्र फटिंग आसा!" दाजी म्हणाले. "माझा मत मित्राक गेला, माका म्हायत नाय? माझ्या घरातली सगळी मतां मित्राक. मगे पडता कशी ती?"

"माझंपण," "आमचंपण," असा गलका झाला. जो तो शपथेवर सांगू लागला. मित्रा झोपाळ्यावर बसून ऐकत होती.

"आक्षेप नोंदवायचा," हेरंबने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, सुनावणी होईल. मतदाराने स्वखुशीने आपलं चित्रण दाखवायला कायद्याची हरकत नाही. आपण दहा जण आपापलं दाखवू. दहाच्या दहा हिरवी, आणि बेरीज राखाडी! यंत्राचं पितळ तिथल्या तिथे उघडं पडेल. पहिलं माझं."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मित्राने विचारलं, "बघितलंय का कुणी स्वतःचं?"

एकदोघांनी खिशातल्या फोनला हात लावला, पण बाहेर कुणी काढला नाही.

"त्यात बघायचंय काय?" हेरंब म्हणाला.

मित्राने पर्स उचलली आणि शर्वाणीला 'येते गं' म्हणून ती निघून गेली. दमली असेल, असं सगळ्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेरंबने चित्रण उघडलं ते सुनावणीला कुठला भाग लावायचा हे बघण्यासाठी. मित्राचा पहिला प्रसंग, गर्द हिरवा. दुसरा, तिसरा, हिरवेच. त्याने समाधानाने मान डोलावली. चौथा सुरू झाला. मोठं सभागृह, वेगवेगळ्या पोशाखांतली माणसं, आणि मित्रा उठून उभी राहिली. "आम्ही कोकणातली माणसं," ती म्हणाली, आणि 'आम्ही' या शब्दाला कडेची पट्टी राखाडी झाली.

हेरंबला वाटलं, फोन अडकला.

मित्रा बोलत राहिली, छान बोलत होती. पट्टी राखाडीच. मग समोरच्या बाकावरचा एक सदस्य न उठताच म्हणाला, "बाई, तुम्ही खाली बसा. तुम्हाला इथे कुणी बोलावलं?" सभागृहात हसणं झालं. मित्राचा चेहरा पडला. पट्टीवर एक ठिपकादेखील हलला नाही. हेरंब तेंडोलकर खुर्चीत बसून हा अपमान बघत होता, आणि त्याच्या मेंदूतलं रक्त बशीतल्या चहासारखं निवांत होतं.

त्याने ते पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग काय सुचलं कोण जाणे, त्याने रिसॉर्टवाल्याचा भाग काढला. ज्याला तो भर सभेत चोर म्हणत असे त्याचा. पहिले तीन प्रसंग राखाडी, अगदी खडखडीत. चौथ्यात तो जाडा माणूस उभा राहिला, 'आम्ही कोकणातली माणसं' म्हणाला, आणि तोच सदस्य त्याला म्हणाला, "तुम्ही खाली बसा."

पट्टी हिरवी होऊन उसळली.

हेरंबने फोन पालथा ठेवला. त्या माणसाचं आणि आपलं काय आहे? समाज एक, कुलदैवत एक, लग्नाकार्यात कधी पंगतीला शेजारी बसलो असू. इतकंच! चोर असला तरी तो आपल्या देहाला आपला वाटला, आणि मित्रा वाटली नाही. तिच्या हुशारीवर, तिच्या नेकीवर, तिच्या मायेवर त्याचा विश्वास होता, सगळं हिरवंगार होतं. आपल्यासाठी तिने खटले लढावेत, धावपळ करावी, हे त्याला हवंच होतं. आपल्या जागी उभं राहून तिने 'आम्ही' म्हणावं, एवढंच नको होतं. त्याला इतकी लाज वाटली की घरात कुणी नसताना त्याने खोलीच्या दाराला आतून कडी घातली.

शर्वाणीला बाजारातून आल्यावर खोलीचं दार वाजवावं लागलं. त्याने न बोलता फोन तिच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या सगळं पाहिलं.

"तुझं?" त्याने विचारलं.

"मी उघडलं नाही," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे काय निघेल ते."

"काय ठाऊक आहे?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. "मित्राच्या आईकडून तिसऱ्या येतात, शिंपल्यांचं सुकं करून, डबा भरून. आपण किती वर्षं घेतोय?"

"त्याचं काय इथे?"

"डबा रिकामा परत देऊ नये म्हणून मी त्यात काय घालून पाठवते? नारळ, आमसुलं, केळी. कधी शिजवलेलं काही पाठवलंय? दाजींच्या घरी मी सांजा पाठवते, वडे पाठवते. मित्राकडे नारळ."

"मला वाटायचं, तिला आपल्याकडचे नारळ आवडतात."

"आणि तिसऱ्या? त्या कुणी खाल्ल्या? तू तर म्हणायचास, पित्त वाढतं, रात्री बघू. आजवर ती रात्र आली नाही. मी कामवालीला देत आले. तीस वर्षं कुणाला पित्त असतं होय रे? बाजारातल्या तिसऱ्यांनी कधी झालं नाही तुला पित्त." तिचा आवाज फाटला. "आणि वर तू तिच्या आईला फोन करून सांगायचास, काकी, काय झाल्या होत्या तिसऱ्या! मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मला तुझी लाज वाटायची, आणि तोंड उघडत नाही म्हणून माझीसुद्धा."

हेरंबने हे मुद्दाम कधीच केलं नव्हतं. त्याला खरोखरच पित्ताचा त्रास आहे असं वाटत आलं होतं.

त्या रात्री जेवणापर्यंत आघाडीच्या नऊही जणांचे फोन येऊन गेले. एकाचा फोन पाण्यात पडला होता. एकाच्या मुलाने चित्रण चुकून पुसलं होतं. दोघांना एकाएकी मतदानाच्या गुप्ततेचं तत्त्व आठवलं होतं. दाजी सर्वांत शेवटी बोलले.

"हेरंबा, मी काय म्हणतंय, ह्या चित्रणा दाखवचा काय बरा दिसणा नाय. नुसतो तोंडी आक्षेप घेवया. तांत्रिक बिघाड म्हणान."

"दाजी, तुम्ही बघितलंत ना तुमचं?"

"माझो चष्मो सापडना नाय," दाजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सकाळी हेरंब मित्राच्या ऑफिसात गेला. ती टेबलावर केंद्रवार बेरजा पसरून बसली होती.

"ये. चहा घेतोस?" ती म्हणाली.

"घेईन." तो उभ्याउभ्याच म्हणाला, "मित्रा, मी माझं बघितलं. चौथा प्रसंग—"

"राखाडी," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"वेंगुर्ल्याच्या केंद्रावर मला चौथ्यात जेवढं मिळालंय ना, त्यात माझे नातेवाईक आणि आमची बौद्धवाडी धरली की दुसऱ्या कुणाला जागाच उरत नाही. बेरीज येते मला, हेरंब." तिने एक कागद त्याच्याकडे सरकवला. "हे बघ. आचरा, तारकर्ली, निवती. जाळ्यांच्या खटल्यासाठी मी एकटी फिरले होते तिकडे. गाबीत वाड्या. चौथ्यात भरभरून मिळालंय. आणि ही बाकीची गावं. इथे आपण दोघं मिळून गेलो. जिथे तू बोललास तिथे मी पडले."

"मी? मी तर तुझ्यासाठीच बोललो. घसा बसेपर्यंत बोललो!"

"काय बोललास?"

त्याला वाक्य पाठ होतं. प्रत्येक सभेची सुरुवात त्याने त्याच वाक्याने केली होती. 'ही कुठल्या समाजाची आहे ते बघू नका, माणूस बघा.' टाळ्या पडायच्या. लोक मान डोलवायचे. आणि न बघायला सांगितल्याबरोबर प्रत्येक जण नेमकं तेच बघायचा. तो मटकन खाली बसला.

"मी तुला पहिल्याच सभेनंतर सांगितलं होतं," मित्रा म्हणाली, "माझं काम सांग, बाकी सोड. तू म्हणालास, तू संकोच करतेस, हे ठासून सांगितलंच पाहिजे. मला वाटलं, असेल. राज्यशास्त्र तुझं आहे." तिने चहा त्याच्यासमोर ठेवला. "मला तुझा फार राग येत नाहीये, हेच मला खटकतंय. परवा निकालानंतर मी माझं जुनं चित्रण काढून बघितलं. गेल्या वेळचं, तू उभा होतास तेव्हाचं. तू 'आम्ही' म्हणालास, हिरवं. तुला त्याने खाली बस म्हटलं, पट्टी अशी उसळली की मला वाटलं फोन फुटतो. तू बोललास की मीच बोलले, असं माझ्या डोक्यात किती वर्षं बसलंय बघ. सगळ्या बैठकांत तू बोलतोस आणि मी शेजारी बसते. कोर्टात मी कुणाला बोलू देत नाही, आणि तुझ्या पडवीत तोंड उघडत नाही. लाज वाटली मला, हेरंब. तुझी नाही. माझी."

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्यासमोर रडायचाही आपल्याला हक्क नाही असं वाटून त्याने मान खाली घातली.

"आक्षेप मागे घे," ती म्हणाली. "यंत्राला काही झालेलं नाही. बिघडलंय असं ठरलं तर पुन्हा याद्या येतील, आणि याद्यांत माझी जागा कुठे असते ते तुला माहीत आहे."

"नुसता मागे घेतला तर सगळे म्हणत राहतील, यंत्राने दगा दिला. मी सुनावणीला माझं चित्रण दाखवतो. सगळ्यांसमोर."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," तो लगेच म्हणाला.

मित्राने चष्मा काढून डोळे चोळले. "बघ बाबा," ती म्हणाली. "तुझं तू ठरव."

ओरोसच्या सभागृहात सुनावणीला गर्दी मावत नव्हती. आघाडीचे लोक मागच्या रांगेत दाटीवाटीने बसले होते, दाजी खांबाआड. शर्वाणी हेरंबच्या शेजारी बसली होती. आयोगाच्या अधिकारी म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी हेरंबला तीनदा विचारलं, चित्रण सार्वजनिक करायचंय ना, नंतर परत घेता येणार नाही. तो हो म्हणाला. तिन्ही वेळा हो म्हणाला, आणि ते काही सोपं नव्हतं.

भिंतीवर चित्रण सुरू झालं. मित्रा उभी राहिली, 'आम्ही' म्हणाली, पट्टी राखाडी झाली. अपमान झाला, पट्टी निवांत. मग त्याच्याच सांगण्यावरून रिसॉर्टवाल्याचा भाग लावला, आणि हिरवा रंग भिंतभर उसळला. मागे कुणीतरी खोकलं. आपले विद्यार्थी, शेजारी, वाचनालयातली माणसं हे सगळं बघताहेत, याची जाणीव हेरंबला पाठीच्या कातडीतून होत होती. भिंतीकडे मान वर करून बघणं त्याला जमेना.

"यंत्रात बिघाड आहे असं आपलं म्हणणं आहे का?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"नाही," हेरंब म्हणाला. "यंत्र ठीक आहे. बिघाड आमच्यात आहे."

हे वाक्य त्याने रात्री तयार केलं होतं. सभागृह अगदी स्तब्ध झालं, आणि त्या स्तब्धतेत, एवढ्या लाजेतसुद्धा, वाक्य चांगलं बसल्याचं बारीकसं समाधान त्याच्या मनाला चाटून गेलं. ते त्याचं त्यालाच कळलं. बाकीच्यांपैकी कुणी आपलं चित्रण दाखवायला पुढे येणार का, असं बाईंनी विचारलं. मागची रांग आपल्या चपला बघत राहिली. शर्वाणी मात्र उठली. "माझं मी अजून उघडलेलं नाही," ती म्हणाली. "इथेच उघडा." उघडलं. हेरंबच्या चित्रणाची कार्बन कॉपी म्हणावी असं निघालं. ती खाली मान न घालता शेवटपर्यंत बघत उभी राहिली, आणि मग खाली बसून पदराने तोंड झाकून रडली.

आक्षेप निकाली निघाला. निकाल कायम राहिला.

बाहेर पायऱ्यांवर वार्ताहरांनी मित्राला गाठलं. माइक पुढे आले. हेरंब तिच्या उजव्या हाताला, एक पायरी खाली उभा होता.

"असलदेकर मॅडम, तुमच्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्याने आज जे दाखवलं, त्याबद्दल काय सांगाल? तेंडोलकर सरांनी तुम्हाला फसवलं असं म्हणायचं का?"

हेरंबने मित्राकडे वर पाहिलं. आता आपलं काय होणार ते या बाईच्या तोंडात आहे. उद्या वेंगुर्ल्यात आपण कुठल्या तोंडाने फिरणार, वाचनालयात कुणी शेजारची खुर्ची ओढून बसेल की नाही, सगळं ती आता काय बोलते त्यावर.

मित्रा शांतपणे म्हणाली, "फसवलं नाही. ते स्वतःच फसलेले होते. त्यांच्या मनात जे आहे ते त्यांना माहीत नव्हतं, आपल्यापैकी बहुतेकांना नसतं. कळल्यावर त्यांनी ते लपवलं नाही. आज इथे उभं राहून त्यांनी जे केलं त्याला काय लागतं, ते मागच्या रांगेतल्यांना विचारा. त्यांच्याबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे."

इतकं नेमकं, इतकं मोठ्या मनाचं आपल्याबद्दल आपल्याच वतीने आजवर कुणी बोललं नव्हतं. आत्ता कपाळाला पट्टी असती तर, असं हेरंबच्या मनात आलं. आत्ता नक्कीच हिरवी झाली असती.

आणि त्याच क्षणी त्याला जाणवलं की 'स्वतःच फसलेले' हा शब्दप्रयोग तितकासा बरोबर नाही. लोकांचा गैरसमज होईल. मुद्दा जरा नीट मांडायला हवा.

"म्हणजे मित्राला असं म्हणायचंय की—" तो म्हणाला.

शब्द बाहेर पडले तेव्हा त्याने ते ऐकले. शर्वाणीने डोळे मिटून घेतले. सगळे माइक एकदम त्याच्याकडे वळले.

इतक्या वर्षांच्या सवयीने मित्रा एक पाऊल बाजूला सरकली आणि तिने त्याला उभं राहायला जागा करून दिली.